दोनशे अकरावी रन

६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

कॉलेज सोडलं. खरं तर सोडून अकरा दिवस झाले, पण डायरी आज मिळाली. त्यामुळे अधिकृतरीत्या आजपासून.

कारण नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे माझं चरित्र लिहिणारे घोळ घालतील. इतिहासाच्या सरांनी प्रोजेक्टचे विषय मागितले होते. मी दिला : ‘आपण आणि ते – एकसष्ट कसोटी सामन्यांचा इतिहास’. सर म्हणाले, बाळ, क्रिकेटला निकाल असतो, इतिहास नसतो. वर्ग हसला. मी उठलो आणि जाताना दार आपटलं. दाराला स्प्रिंग निघाली. ते आपटेना, हळूहळू मिटत राहिलं. पूर्ण मिटेपर्यंत मी बाहेर उभा होतो. कोणीही परत बोलावलं नाही. हे आधीच ठरलेलं असणार.

बाबा फोनवर म्हणाले, तोंड दाखवू नकोस. म्हणून ताईकडे आलोय. मागची खोली मिळाली. भाऊजींनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच का, ते बघायला हवं.

निर्धार : तीन खंड. मार्चअखेर छापून तयार. आणि राग आला की बोलायचं नाही, एकसष्ट सामन्यांचे निकाल मनात म्हणायचे.

७ नोव्हेंबर

लगेच होकार का, ते कळलं. भाऊजींचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, त्यांना काउंटरवर माणूस हवा होता. म्हणाले, तू इतिहास लिही रे, पण दहा ते दोन लोकांची आधारकार्डं नको, निदान मार्कशीटा तरी झेरॉक्स कर. मी म्हटलं, मोठे लेखक असली कामं करत नाहीत. ताई म्हणाली, मोठे लेखक दोन वेळा जेवायला तरी स्वतःच्या घरी जातात.

निकाल म्हणायला लागलो. सातव्या सामन्यापर्यंत आलो, पण तोवर स्टेपलर फेकून झाला होता.

१० नोव्हेंबर, दुपारी ३.३०

सार्वजनिक वाचनालय, दुसरा मजला, जुनी वृत्तपत्रं. इथे पद्धत अशी : चिठ्ठीवर साल-महिना लिहायचा, काउंटरवरची व्यक्ती आतून ढकलगाडीवर तो जाडजूड खंड आणते, सही करायची, खिडकीजवळच्या टेबलावर वाचायचं.

काउंटरवरची व्यक्ती!

केसांत पेन्सिल खोचलेली. फाटलेल्या पानावर पातळ कागदाची पट्टी चिकटवत होती, इतकी हळू, की आपणही एक पान असावं असं वाटलं. पंचवीस मिनिटं मी चिठ्ठीच भरत होतो. मग ती माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली : ‘बोट चाटून पान उलटू नका.’

कोणालाही सांगितलं असतं तिने? मला नाही वाटत.

१४ नोव्हेंबर

पहिल्या कसोटीचा अभ्यास पूर्ण. त्या देशाचा संघ बोटीने आला होता. एकवीस दिवसांचा प्रवास, आणि बंदरावर उतरल्याच्या चौथ्या दिवशी आपल्याला डावाने हरवलं. एकवीस दिवस बोट हलत असताना माणूस सराव कुठे करतो? आपल्या एकाही पेपरने हा प्रश्न विचारलेला नाही. सगळ्यांनी ‘पाहुण्यांचा सुरेख खेळ’ लिहिलंय.

अकराव्या कसोटीत आदल्या रात्री खेळपट्टीवर रोलर फिरला होता आणि फिरवणारा कोण ते कळलं नाही. एकोणिसाव्यात टॉसचं नाणं त्यांच्या कॅप्टनच्या खिशातलं होतं. मग दोन्ही बोर्डांत पाच वर्षं बोलणं बंद. कशावरून? तर आपल्या सेक्रेटरीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं म्हणणं, पत्रच मिळालं नाही. मिळालं नाही म्हणे!

हिशेब सोपा आहे. आपण अठरा, ते बावीस, अनिर्णित एकवीस. त्या बावीसमधले किती खरे, हा माझा ग्रंथ.

लिहून झालं : मुखपृष्ठ.

२१ नोव्हेंबर

तिने आज ‘तू’ म्हटलं. ‘तू रोज येतोस?’ मी ‘हो’ म्हणालो. एवढंच म्हणालो, पण त्यात सगळं आलं.

ती माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असावी. इतिहासात याला महत्त्व नाही.

२५ नोव्हेंबर, दुपारी ४

वाचनालयात एक नवीन प्राणी. उंच, चौकड्यांचा शर्ट. याला मी ‘चेक्स’ म्हणणार. माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर, तेही क्रिकेटच्याच पानांवर! आपली भाषा बोलतो, पण तिरकी. ‘मी येथे बसू शकतो काय’ असं विचारलं. असं कोण बोलतं? पुस्तकातून शिकलेला बोलतो. त्यांच्याकडचा आहे, शंभर टक्के.

दोन शक्यता. एक, त्यांच्या बाजूने हाच इतिहास लिहितोय. दोन, तिच्यासाठी येतोय.

मी त्याच्यासमोर माझ्या नोट्स हाताने झाकून लिहायला लागलो. त्यामुळे काय लिहिलं ते मलाही नंतर वाचता आलं नाही.

२ डिसेंबर

मोठ्या सामन्याचा खंड मागितला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वीची कसोटी, जी आपण एका रनाने हरलो. एका! माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधीची, तरी आजही तो विषय काढला की बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं. ग्रंथाचा गाभाच हा सामना आहे.

ती म्हणाली, तो खंड बाहेर आहे. बघतो तर चेक्सच्या समोर.

निकाल म्हणायला घेतले. पहिला, हार. दुसरा, हार. तिसरा, हार. यानेच डोकं जास्त तापलं. मी जाऊन खंडाला हात घातला. त्याने सोडला नाही. दोघांच्या ओढाताणीत एक पान कोपऱ्यात टर्रकन गेलं. ती काउंटरमागून आली, पान बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. त्याला म्हणाली, तू तिकडे बस. मला म्हणाली, आठ दिवस येऊ नकोस.

त्याला ‘तू’ म्हणाली. हे लक्षात ठेवायला हवं.

१० डिसेंबर, दुपारी ३.१५

शिक्षा संपली. फाटलेल्या कोपऱ्यावर तिची पट्टी. मी त्यावरून बोट फिरवलं. (चाटलं नव्हतं.)

आणि मग सापडलं. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून नीट मांडतो.

त्यांचा दुसरा डाव : सर्वबाद २११. फलंदाजांच्या रन्स २००, इतर ११ (बाय ६, लेगबाय ४, नो-बॉल १). बरोबर. आता आपल्या गोलंदाजांनी दिलेल्या रन्स बघा : ७१, ५८, ४४, २७. बेरीज २००. त्यात बाय आणि लेगबाय घाला, त्या गोलंदाजाच्या नावावर नसतात. २१०.

दोनशे दहा!

नो-बॉल गोलंदाजाच्या आकड्यात असतोच, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मग दोनशे अकरावी रन आली कुठून? आपल्याला जिंकायला १८८ हव्या होत्या, केल्या १८६. ती एक रन काढा, सामना बरोबरीत! अठ्ठावीस वर्षं आख्खा देश एका खोट्या रनाने हरलेला आहे आणि ते ओळखणारा मी पहिला.

चार वेळा बेरीज केली. पाचव्यांदा २०९ आली, तेव्हा थांबलो.

११ डिसेंबर

भाऊजींना सांगितलं. म्हणाले, त्या गिऱ्हाईकाला सात प्रती हव्या होत्या, तू सहाच दिल्यास, ती सातवी कुठे गेली ते आधी शोध.

दृष्टीच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वाचनालय बंद. ती रविवारी काय करते हे मला माहीत नाही, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला ते माहीत असायला हवं. सकाळी साडेआठला तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. (गल्ली सदस्यांच्या रजिस्टरवरून. ते उघडंच असतं.) ती निघाली. मागोमाग मी.

ती गेली मैदानावर! क्लबची मॅच होती. मी आजवर मैदानावर गेलेलो नाही. तिथे धूळ असते, इतिहास कागदावर असतो. मैदानाच्या कडेला एक पत्र्याची खोली, तिला मोठी खिडकी. ती आत जाऊन बसली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ. मी झाडामागून बघत होतो.

मध्येच मैदानातून पांढऱ्या कोटातल्या अंपायरने हात हलवला. हिने खिडकीतून हात वर केला! परत दहा मिनिटांनी तेच. त्याने हात आडवा, हिचा वर. त्याने दोन्ही हात वर, हिचा एक वर. दोन तास उघड उघड खुणा चालल्या होत्या आणि बावीस माणसांत एकालाही लाज नाही.

अंपायर जवळ आला तेव्हा ओळखला. चेक्स.

घरी आलो. ताई म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, ऊन. ताई म्हणाली, ऊन कसलं, आभाळ आहे. ताई फार प्रश्न विचारते.

१८ डिसेंबर

तिच्या टेबलावर टपालाचं पाकीट, आतला कागद अर्धा बाहेर. तिकिटं त्यांच्या देशाची. मी मुद्दाम पेन पाडलं, उचलताना वाचायचा प्रयत्न केला. आकडे होते! नुसते आकडे, टिंबं आणि बारीक गोल, रांगेत. सांकेतिक लिपी.

ती म्हणाली, दर महिन्याला येतं, बाबांचं आहे. मी म्हटलं, बाबा काय करतात? ती हसली. म्हणाली, बेरजा.

घरातल्या घरात जाळं पसरलेलं आहे आणि मधोमध ही निष्पाप मुलगी!

२३ डिसेंबर, दुपारी ४.३०

आज त्या खंडात आतल्या पानावर बारीक टाइपात सापडलं : ‘आपल्या बाजूचे स्कोअरर’ आणि एक नाव. तिचंच आडनाव. मी खंड तसाच उचलून काउंटरवर नेला आणि विचारलं, हे कोण?

ती म्हणाली, अरे, ते तर माझे बाबा! तुझा विषय हाच आहे ना? मग घरीच ये ना. रविवारी संध्याकाळी ये. बाबांना त्या मॅचबद्दल बोलायला कोणी भेटत नाही.

तिने घरी बोलावलं. बाबांना भेटायला. तारीख, वेळ दिली. याचा एकच अर्थ होतो.

पण ज्या माणसाने देशाची एक रन विकली त्याचा मी जावई?

२५ डिसेंबर

दोन दिवस विचार. जेवण नाही. (भात घेतला.) निर्णय झाला. मी त्या वृद्धाला एकांतात गाठणार, पुरावा समोर ठेवणार, तो कोसळेल. मग मी म्हणणार, काका, उठा. ही रन मी पोटात ठेवीन. ग्रंथातून तो सामनाच गाळीन. तुम्ही फक्त तुमच्या मुलीच्या मनात काय आहे ते ओळखा.

इतिहासाचं नुकसान होईल, पण इतिहासाने माझ्यासाठी आजवर काय केलंय?

भाऊजींचा निळा शर्ट मागितला. दिला. लगेच दिला!

२८ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ७.५०

त्यांच्या घराच्या जिन्याखाली बसून लिहितोय. ताजं असताना लिहायला हवं.

दोन खोल्या. भिंतीवर काकूंचा फोटो. कपाटात वरपासून खालपर्यंत स्कोअरच्या वह्या, पाठीवर सालं. काका बारीक, अर्ध्या बाहीचा स्वेटर, खिशाला दोन पेनं. पत्र्याच्या खोलीतले म्हातारे गृहस्थ ते हेच. चेक्स तिथे होता. स्लिपर घालून! पाहुणा स्लिपर घालतो?

ती चहा टाकायला आत गेली. चेक्स कप काढायला मागोमाग गेला. संधी साधली.

कागद काढला आणि म्हटलं, काका, दोनशे अकरावी रन कुठून आली?

काकांनी कागद चष्म्याजवळ नेला. कोसळले नाहीत. म्हणाले, वय किती तुझं? म्हटलं, वीस. म्हणाले, म्हणजे नियम बदलल्यावरचा तू. आमच्या काळात नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर धरत नसत रे. वाइडही नाही. नुसतेच ‘इतर’मध्ये. तो तुझा नो-बॉल एक, घाल आता दोनशे दहात.

मी घातला.

काका म्हणाले, किती झाले?

मी आकडा सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. पण थांबता येईना. डोक्यात सगळं उकळत होतं, ती पाकिटं, त्या खुणा, ते स्लिपर. मी ओरडलो, मग ही त्यांच्याकडची पत्रं कसली? आणि तो माणूस मैदानातून तुमच्या मुलीला हात का करतो?

नेमकी ती चहा घेऊन दारात. मागे तो, कप घेऊन.

चेक्सने कप खाली ठेवले, हात आडवा करून हलवला, आणि तिने ट्रे सांभाळत एक हात वर केला. ती म्हणाली, हा चौकार. अंपायर खूण करतो, स्कोअररने हात वर केल्याशिवाय पुढचा बॉल टाकत नाहीत. मी बाबांच्या शेजारी दुसरी वही लिहिते. तू क्रिकेटचा इतिहास लिहितोस ना?

हसली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मला काम आहे. चहा तसाच राहिला. या दाराला स्प्रिंग नव्हती, तरी मी ते आपटलं नाही.

२९ डिसेंबर

नियम तपासला. बरोबर आहे. पण मुद्दाम कोणी सांगितलं नाही, हे संशयास्पद नाही का?

निळ्या शर्टाला शाई लागली. भाऊजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता आलं असतं.

७ जानेवारी

वाचनालयात गेलो नाही. काउंटरवर बसतो. एका माणसाने घटस्फोटाचे कागद झेरॉक्सला आणले. मी दोन प्रती जास्त काढून दिल्या, असू द्या म्हटलं.

बाबांचा निरोप : फेरप्रवेशाची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी. मी ताईला म्हटलं, कळव, मी ग्रंथ लिहितोय. ताई म्हणाली, किती पानं झाली? म्हटलं, पानांवर असतं का सगळं? म्हणाली, ग्रंथात असतं बुवा.

१७ जानेवारी, सकाळी ११.२०

काका दुकानात आले. मी टेबलाखाली वाकलो, पण त्यांनी वरून वाकून बघितलं. म्हणाले, चहा ठेवून गेलास तू. म्हटलं, हो. म्हणाले, तुझी बेरीज चूक नव्हती. नियम माहीत नव्हता, एवढंच. बेरीज करणारी पोरं हल्ली भेटत नाहीत.

मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, तू विचारलंस ते अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारलं नाही, म्हणून सांगतो. तो नो-बॉल मी पाहिलाच नव्हता.

माझ्या हातातली फाइल पडली.

म्हणाले, तुझी काकू त्या दिवशी पहिल्यांदा ग्राउंडवर आली होती. नवीन लग्न. डबा घेऊन आली आणि स्टँडच्या जिन्यात उभी राहून मला शोधत होती. मी मान वर केली. एका बॉलपुरती. खाली बघितलं तर शेजाऱ्याने दोघांच्या वतीने हात वर केला होता. (शेजारी म्हणजे त्यांच्या बाजूचा स्कोअरर. दोघे शेजारी-शेजारी बसतात, काका त्याला अजून तेच म्हणतात.) तो म्हणाला, नो-बॉल, एक. मी मांडला. सामना त्याच एका रनाने गेला.

मी विचारलं, आणि तो खोटं बोलत असला तर? रन त्यांची होती!

काका म्हणाले, असेल. पण त्या वेळी बघणारा तो होता, मी नव्हतो. आपण बघत नसताना जो बघतोय त्याचं ऐकावं लागतं, नाहीतर वही पुढे जातच नाही.

म्हटलं, कधी विचारलं नाहीत? म्हणाले, महिन्याला पत्र येतं त्याचं, तिकडच्या मॅचचा स्कोअर पाठवतो, मी बेरीज तपासतो. माझा मी पाठवतो, तो तपासतो. अजून एकदाही चुकलेला नाही. मग काय विचारू?

आणि उठता उठता म्हणाले, त्याचाच मुलगा आलाय ना आपल्याकडे नोकरीला. तो उंच.

मी विचारलं, स्लिपर घालतो तो?

काका म्हणाले, हो. पुढच्या महिन्यात लग्न आहे दोघांचं. रजिस्टर. मग दोघं तिकडेच राहायला जाणार.

१७ जानेवारी, संध्याकाळी ५

एकसष्टही निकाल म्हणून झाले. परत सुरुवात केली.

१८ जानेवारी

ताई खोलीत आली, उगाच धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, ती वाचनालयातली का? हिने डायरी वाचलीये. मी म्हटलं, कोण? ताई म्हणाली, कोणी नाही, आणि माझ्या डोक्यावरून त्याच फडक्याने हात फिरवला.

३१ जानेवारी

आता नीट विचार केला तर चेक्सबद्दल माझी पहिली शंका खरी निघाली. दोन शक्यता मांडल्या होत्या, त्यातली दुसरी. हे नोंदवून ठेवतो. इतिहासकार म्हणून माझं कौशल्य वादातीत आहे.

६ फेब्रुवारी

ती स्वतः दुकानात आली. त्या सामन्याच्या दोन्ही वह्या घेऊन. एक बाबांची, एक सासऱ्यांची, खास त्यांच्याकडून मागवलेली. म्हणाली, दोन्ही एकत्र बांधून हव्यात, एकच पुठ्ठा. तिकडे जाण्याआधी बाबांना द्यायच्यात. आणि म्हणाली, पान फाडू नकोस हं या वेळी.

भाऊजी म्हणाले, हे काम तूच कर.

९ फेब्रुवारी

चार दिवस लागले. ओळ अन् ओळ ताडून बघितली. दोन देश, दोन हस्ताक्षरं, साडेचारशे ओव्हर्स, एका टिंबाचाही फरक नाही. त्या ओव्हरला फक्त काकांच्या वहीत नो-बॉलचा गोल जरा थरथरलेला. शेजाऱ्याचा गोल स्वच्छ.

शिवताना मी तिसऱ्या दिवशीचं एक पान उलटं लावलं होतं. उसवून परत शिवलं. कोणाला कळलं नाही.

१० फेब्रुवारी

वही घ्यायला काकाच आले, तिने पाठवलं. बोटाने शिलाई दाबून बघितली. म्हणाले, रविवारी दुसरी वही लिहायला कोणी नाही आता. तिची २२ तारखेला निघायची आवराआवर चाललीय. तू येतोस का?

मी म्हटलं, मी मैदानावर जात नाही, तत्त्व आहे. काका म्हणाले, नऊला ये, साडेनऊला टॉस. आणि शाईचं पेन आण. पेन्सिलने लिहिणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकत असते.

१५ फेब्रुवारी, रविवार

फक्त निरीक्षणासाठी गेलो. सहा चुका. काकांनी सगळ्या दाखवल्या. एकदा हात वर करायला विसरलो आणि अख्खी मॅच माझ्यासाठी थांबली. अकरा फील्डर, दोन बॅट्समन, दोन अंपायर, सगळे माझ्याकडे बघत. इतकी माणसं माझ्या शब्दासाठी कधी थांबली नव्हती.

२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६

खंड पहिला : मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका. अर्पणपत्रिका खोडली.

आज ती दोघं गेली. दुपारी ३ वाजताची गाडी. काका निरोपाला घरी थांबले नाहीत. म्हणाले, मॅच आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी टॅक्सी मैदानाच्या कडेला, कुंपणापाशी थांबली. ती खिडकीतून डोकं काढून इकडेच बघत होती. तिने हात केला. मी मान वर केली आणि हात वर केला, खूप वर. तिने परत केला. टॅक्सी निघाली.

मैदानात अंपायरने मान डोलावली आणि पुढचा बॉल सुरू. त्याला वाटलं, मी त्याला हात केला. त्याने काय खूण केली होती, मला माहीत नाही. माझा हात वर होता, वहीतला चौकोन रिकामा.

काका मान वर न करता म्हणाले, नो-बॉल. एक.

काका अंपायरकडेच बघत होते. टॅक्सीकडे नाही. सगळा वेळ.

बॉलर आपल्या क्लबचा, रन पाहुण्यांना. पाय रेषेच्या आत असणार असं मला आतून वाटत होतं. काकांची नजर कमजोर आहे. ते थकलेत. आज त्यांचं लक्ष कसं असेल? अगदी ओठांवर आलं होतं.

मांडला. शाईने.

ओव्हर संपली तेव्हा काकांनी पेनाचं टोपण उघडलं, परत लावलं. म्हणाले, गेली का टॅक्सी?

म्हटलं, गेली.

म्हणाले, हात केला का तिने?

म्हटलं, केला. दोनदा.

म्हणाले, कोणाला?

म्हटलं, तुम्हाला.

काकांनी मान हलवली आणि पुढच्या बॉलचं टिंब टाकलं. खात्री करायला काहीही विचारलं नाही.

शेवटी बेरीज केली. माझ्या वहीत १४२, त्यांच्या वहीत १४२. फेरप्रवेशाचा अर्ज ताईने टेबलावर ठेवलाय, बाबांची सही आधीच आहे. (ही कधी आणली?) उद्या भरतो.

हात खरं तर तिने मला केला होता. माझी पक्की खात्री आहे. पण तिथे तिसरा स्कोअरर नव्हता.